लालासाहेबांचं चिनी कलिंगड

खोकल्याने माणसाची छाती जाते, झोप जाते, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण खोकल्यापायी माणसाची स्वतःच्या सोप्यातली बसायची जागासुद्धा जाते, हे लालासाहेब बर्ग्यांना मुलीचं, विजयमालाचं लग्न ठरवताना कळलं.

लालासाहेब कोरेगावच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. ऐन उमेदीत दप्तरखान्यातली इतकी धूळ त्यांनी खाल्ली होती की तालुक्यातली बरीचशी जमीन त्यांच्या छातीतच जमा असावी. चार पावलं भरभर टाकली की धाप लागे आणि धाप लागली की खोकला येई. तो सुरू झाला की बाहेर झाडाखाली बसलेले अर्जदार उठून धोतर झटकत, कारण अव्वल कारकून जागेवर आल्याची ती खूण असे. सरकारी डॉक्टरांनी छातीला नळी लावून निकाल दिला होता, की क्षय नाही, जुनाट दमा आहे, धूळ आणि धूर टाळावा. चुलीच्या घरात राहणाऱ्या आणि दप्तरखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला दिलेला हा सल्ला ऐकून लालासाहेबांना डॉक्टरांबद्दल आदर वाटला. इतकं निरुपयोगी वाक्य इतक्या गंभीरपणे सांगण्याचं कसब त्यांनी तोवर फक्त आपल्याच खात्यात पाहिलं होतं.

डॉक्टर क्षय नाही म्हणाले, पण सोयरीक करायला डॉक्टर येत नसतात. कराडकडची मंडळी विजयमालाला बघायला आली, मुलगी त्यांच्या मनात भरली, आणि नेमका तेव्हाच लालासाहेबांना ठसका लागला. तो थांबेपर्यंत मंडळींनी चहाच्या बश्या खाली ठेवल्या होत्या आणि टोप्या डोक्यावर घातल्या होत्या. पुढं पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पत्रिका त्यांना कुणी दिलीच नव्हती.

त्यानंतर सांगलीचं स्थळ आलं. आणलं लालासाहेबांच्या मेव्हण्याने, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, शालूबाईंच्या भावाने, साताऱ्याच्या केरबाने. मुलाचे वडील भाऊसो जगदाळे हळदीतले मोठे आसामी. सांगलीत वखार, आणि हरिपूरला हळद साठवायची पेवं, म्हणजे जमिनीत विहिरीसारखी खोल खणलेली कोठारं. मुलगा बी.ए. झालेला. विजयमालाने त्याचा फोटो एकदा सगळ्यांच्या देखत पाहिला आणि मग 'काच पुसायची राहिली' म्हणून पुन्हा मागून नेला, यावरून घरच्यांनी काय ते ओळखलं. पाहुणे दिवाळीनंतर येणार होते.

"दाजी, राग मानू नका," केरबा म्हणाला. त्याचा आवाज खणखणीत होता आणि छाती निरोगी होती, आणि या दोन्ही गोष्टी तो दुसऱ्याच्या घरातही सैल सोडत असे. "पावनं यायच्या दिशी तुमी साताऱ्याला आमच्या घरला जावा. हितं मी बसतो."

"मुलगी माझी हाय का तुझी?"

"मुलगी तुमचीच. खोकला बी तुमचाच. म्हनून तर म्हनतो."

लालासाहेबांनी शालूबाईंकडे पाहिलं. त्यांनी खुंटीवरचा नवऱ्याचा कोट काढला, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवला. लालासाहेबांना त्या घडीचं जेवढं लागलं तेवढं केरबाच्या बोलण्याचं लागलं नाही. सरकारने त्यांच्या बऱ्याच बदल्या केल्या होत्या, पण घरातून बदली होण्याची ही पहिलीच वेळ होती.

"दिवाळीपर्यंत खोकला गेला तर मी बसणार," ते म्हणाले.

"आन् न्हाई गेला तर?"

"तर साताऱ्याला जाईन. पायी." स्टेशनापर्यंत जाताना वाटेतल्या प्रत्येक कट्ट्यावर बसकण मारणारा माणूस हे बोलत होता, म्हणून कुणी वाद घातला नाही.

आता खोकला घालवायचा कसा, यावर आळीने मनापासून विचार केला. कुणी अडुळसा सांगितला, कुणी ज्येष्ठमध. मळेवाल्या कोंडीबाने बिडी सांगितली, कारण बिडीने कफ सुटतो असा त्याचा अनुभव होता. तो स्वतः हे वाक्य एका दमात पुरं करू शकला नाही, ही गोष्ट वेगळी. शेवटी लालासाहेबांना अण्णा म्हणणाऱ्या शेजारच्या सयाजी हवालदाराने तोंड उघडलं. सयाजी बर्माच्या आघाडीवरून नुकताच परतला होता आणि गावाला पुरेल इतकी लढाई सोबत घेऊन आला होता.

"अण्णा, आसामात मी इस्पितळात हुतो. माज्या शेजारच्या खाटंवर चिनी पलटनीतला म्हातारा खानसामा. छाती अशी वाजायची, जनू लव्हाराचा भाता. रोज सकाळी उठून पान्यातनं चालल्यागत हात हलवायचा. मी म्हनलं, याला याड लागलंय. पन म्हैना सरला आन् गडी जिना चढाया लागला. मी खाटंवरच."

"मग तू शिकलास त्याच्याकडून?"

"त्याची भाषा मला येत नव्हती. पन हात-पाय तर समद्या मुलखात सारखंच की."

सयाजीला त्यातलं निम्मं आठवत होतं. उरलेलं निम्मं त्याने पलटणीच्या कवायतीतून भरून काढलं. चिनी नावं 'लय बारकी' असल्याने वाटेतच सांडली होती, म्हणून त्याने आपली ठेवली. पहिलं कलिंगड. गुडघे किंचित वाकवून, छातीसमोर दोन्ही हातांत मोठं कलिंगड धरल्यासारखं उभं राहायचं, श्वास नाकाने आत घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. दुसरा बगळा, एका पायावर. तिसरी म्हैस, म्हणजे दारातून आत घुसणाऱ्या म्हशीला तळहातांनी हळूहळू मागं सारायचं.

"पन रागवायचं न्हाई, अण्णा. रागावलं की दम ग्येला. म्हशीला लोभानं सारायची."

हे सगळं मन शांत ठेवून करायचं होतं, आणि "मन शांत ठेवा" हे सयाजी परेडवर हुकूम द्यावा तसा ओरडून सांगे. त्याने मागल्या गल्लीतल्या गाढवांची मनं अशांत होत. पहिल्याच दिवशी बगळा होताना लालासाहेब शालूबाईंच्या पापडांवर पडले. दुसऱ्या दिवशी पापड नव्हते, म्हणून जमिनीवर पडले. पण लालासाहेब चिवट होते. ज्या माणसाने हयातभर एकेक अर्ज महिनोन् महिने धरून ठेवला होता, त्याला कलिंगड धरणं काय जड.

घोळ घातला तो परसातल्या कुंपणाने. ते ठेंगणं होतं आणि पलीकडच्या बनाबाईची मान उंच होती. तिने पाहिलं ते असं: अव्वल कारकून सकाळच्या पारी डोळे मिटून उभे आहेत, हात संथ डोलतायत, तोंडातून सूं सूं आवाज येतोय. आमच्या मुलखात एवढं पाहिल्यावर पुढं काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. बनाबाई हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली, लालासाहेबांच्या कपाळाला मळवट भरला आणि पदर पसरून म्हणाली, "देवा, माजी शेरडी कुटं गेली?"

लालासाहेब त्या वेळी म्हशीला सारत होते. म्हैस उगवतीला होती. बनाबाई उगवतीकडं धावली, आणि कोंडीबाच्या मळ्यात शेळी मिळाली.

शेळी नसती मिळाली तर पुढचं काही झालं नसतं. लालासाहेबांना त्या जनावराचा पुढं कायम राग राहिला.

दुसऱ्या दिवसापासून कुंपणापाशी नारळ येऊ लागले. लालासाहेब समजावून सांगत की हे चिनी आहे, व्यायाम आहे, यात देव नाही. लोक मान डोलवत, कारण अंगात येणारा प्रत्येक जण आधी असंच म्हणतो. त्यांच्या मानी जिवाला सगळ्यात झोंबलं ते हे, की कचेरीतून ज्यांना ते रोज परत पाठवत तीच माणसं आता परसात हात जोडून उभी होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "देवा, माज्या जिमिनीचा उतारा कवा मिळंल?" देवाला याचं उत्तर पक्कं ठाऊक होतं. तो अर्ज देवाच्याच टेबलावर पेपरवेटखाली होता. "मंगळवारी ये," डोळे न उघडता लालासाहेब म्हणाले, आणि मंगळवारी उतारा द्यावा लागला. त्याने गर्दी वाढली.

परस सोडून त्यांनी व्यायामाला ओढ्याकाठचं मोकळं रान धरलं. तिथं देवाचे भक्त आले नाहीत, दमेकरी आले. खोकणारा माणूस खोकणाऱ्याला लांबून ओळखतो. कोंडीबा आला, भट्टीपुढं छाती भाजून घेतलेला एक भडभुंज्या आला, आणखी कोण कोण आले. सयाजीला पुन्हा पलटण मिळाल्याचा आनंद झाला. त्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि "धीरे चल" असा हुकूम सोडला. तो थेट पोलीस ठाण्यात ऐकू गेला.

बेचाळीस सालापासून जिल्ह्यातल्या पोलिसांना स्वस्थता नव्हती. लढाई संपली होती, पण लढाईतले हुकूम संपल्याचं वर्दीला कुणी कळवलं नव्हतं. फौजदार सायकलवरून आले. समोर धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्यांची रांग कलिंगडं धरून उभी होती.

"कवायतीला बंदी हाय, अण्णासाहेब."

"ह्यांच्याकडून सरकारला धोका दिसतो तुम्हाला?"

फौजदारांनी रांगेवरून नजर फिरवली. "मला तसं वाटत न्हाई. पन हुकमात म्हाताऱ्यांना सूट न्हाई. परवानगी काढा."

परवानगीचा अर्ज मामलेदार कचेरीत करायचा होता. लालासाहेबांनी तो केला, आणि रीतीप्रमाणे तो छाननीसाठी लालासाहेबांच्याच टेबलावर आला. तत्त्वाचा माणूस. त्यांनी आपलाच अर्ज बारकाईने वाचला, त्यात त्रुटी काढली, 'खुलासा व्हावा' असा शेरा मारला आणि घरी जाऊन त्या शेऱ्यावर चिडले. अर्जदार म्हणून जगणं किती अवघड आहे, हे त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा उमगलं.

शेवटी मामलेदारसाहेबांनी आत बोलावलं. "बर्गे, तीन वाटा आहेत. कवायत म्हणाल तर बंदी आहे. औषधोपचार म्हणाल तर डॉक्टरांचा दाखला जोडा. त्यात छातीच्या आजाराचं नाव येईल आणि हरकती मागवायला तो कागद चावडीवर लागेल. धार्मिक कार्य म्हणाल तर सरकार त्यात पडत नाही."

लालासाहेबांच्या डोळ्यांसमोर चावडीवरचा कागद आला आणि त्याखाली उभा राहून तो वाचणारा सांगलीचा कुणीतरी आला. मग काच पुसून ठेवलेला तो फोटो आला.

"धार्मिक," ते म्हणाले.

"दैवत कोणतं?"

लालासाहेबांनी थोडा वेळ कलिंगडाचा विचार केला. "ते अजून ठरायचंय, साहेब."

साहेबांनी 'दैवत: स्थानिक' असं लिहून सही केली.

"म्हंजे आता सरकारी कागदावर बी तुमच्या अंगात येतंय," शालूबाई घरी म्हणाल्या.

"सरकारी कागदावरच येतंय. अंगात काही येत न्हाई."

पण काहीतरी आलं होतं. खोकला गेला नव्हता. चिनी असो वा देशी, इतका जुना भाडेकरू इतक्यात घर सोडत नाही. मात्र दिवाळीच्या आधी लालासाहेब स्टेशनापर्यंत गेले आणि परत आले, तेव्हा वाटेतल्या कट्ट्यांवर आपण बसलोच नाही हे त्यांना घरी आल्यावर आठवलं. खोकला येऊ लागला की ओठांचा चंबू करून ते त्याला म्हशीसारखं लोभाने मागं सारत. कधी म्हैस ऐके, कधी ऐकत नसे.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी केरबा साताऱ्याहून आला तो कपाळाला हात लावूनच. "दाजी, खोकल्याचं झाकलं असतं. देवाचं कसं झाकू? बाजारात समदी चर्चा हाय. पिशवी घ्या आन् निघा."

"मी बसणार," लालासाहेब म्हणाले. आवाज कापला, पण खोकला आला नाही.

केरबा बहिणीकडे वळला. शालूबाईंनी कोपऱ्यातली पिशवी उचलली. लालासाहेब चपला शोधायला वाकले. शालूबाईंनी पिशवीतून कोट काढला, झटकला आणि खुंटीला लावला. "बसू दे रं त्यांना. बाप हायेत तिचं," त्या म्हणाल्या. आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ठसका लागला तर मातर उठून परसात जायाचं. कबूल?"

"कबूल." त्या क्षणी लालासाहेबांनी काहीही कबूल केलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे टांग्यातून उतरले. भाऊसो जगदाळे अंगाने भरदार, नखं हळदीने पिवळी, हातात मोठा रुमाल. बोलणं फार थोडं. सोप्यात आल्या आल्या एक अडचण झाली. लालासाहेब वाऱ्याला म्हणून दाराजवळ बसायला गेले आणि भाऊसोही नेमके तिथंच बसायला आले. "आपण वर बसा," "न्हाई, न्हाई, आमी हितंच बरं," असं बरंच झालं. शेवटी दोघेही दाराच्या दोन अंगांना बसले आणि मानाची लोडाची जागा केरबाने घेतली.

केरबा दोन्ही बाजूंनी बोलत होता. भाऊसो रुमाल तोंडाशी धरून मान हलवत होते. विजयमाला पोहे घेऊन आली. मुलाने तिला काय वाचता म्हणून विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि मुलगा हसला. ती पण हसली, खाली बघून. लालासाहेबांच्या छातीत खोकल्याखेरीज दुसरं काहीतरी दाटून आलं. जमलं, असं त्यांना वाटलं.

आणि परसदारातून बनाबाई आत आली. आज देव घरात बसणार हे तिला कळलं होतं, आणि बसलेल्या देवापुढं धूप नाही म्हणजे काय. तिच्या हातातल्या धुपाटण्यात निखारे होते, निखाऱ्यांवर मूठभर ऊद होता, आणि क्षणात सोप्यात माणसाला माणूस दिसेना.

खोकला लालासाहेबांच्या पोटातून निघाला तो त्यांना स्पष्ट कळला. परसात जावं तर वाटेत बनाबाई. बाहेर जावं तर पाहुण्यांना पाठ. ते उठून उभे राहिले. केरबाने डोळे वटारले. लालासाहेबांनी डोळे मिटले, गुडघे वाकवले आणि भर सोप्यात कलिंगड धरलं.

"आलं, देव आलं," म्हणत बनाबाईने धूप आणखी जवळ आणला.

सगळं बुडालं, हे लालासाहेबांना कळत होतं. मुलीचं लग्न बुडालं, अब्रू बुडाली, आता निदान श्वास तरी वाचवावा, म्हणून ते ओठांचा चंबू करून सावकाश सोडत राहिले. तेवढ्यात घर हादरवणारा खोकला ऐकू आला. ठसक्यावर ठसका, मागून भात्यासारखी घरघर. सवयीने सगळ्यांनी लालासाहेबांकडे पाहिलं. लालासाहेबांचं तोंड चंबू होऊन होतं. त्यांनीही डोळे उघडून पाहिलं.

भाऊसो जगदाळे दाराच्या चौकटीला धरून वाकले होते. चेहरा काळानिळा झाला होता, रुमाल कुठंतरी पडला होता, आणि मुलगा घाबरून पाठ चोळत होता.

लालासाहेब सगळं विसरले. "उभं ऱ्हावा," ते म्हणाले. "कलिंगड धरा."

"क-काय धरू?"

"कलिंगड. मोठं. तुमच्या कृष्णेच्या वाळवंटातलं. हात असे गोल. गुडघे सैल. आता ओठाचा चंबू करा आन् सोडा. रागवायचं न्हाई. येऊ द्या त्याला, आन् लोभानं मागं सारा."

शालूबाईंनी बनाबाईच्या हातातलं धुपाटणं काढून बाहेर नेलं. धूर विरळ झाला तेव्हा सोप्याच्या मधोमध दोन पोक्त माणसं एकमेकांसमोर हात गोल करून उभी होती. घरघर हळूहळू खाली आली. भाऊसोंनी एक लांब श्वास घेतला. असा श्वास त्यांनी बऱ्याच दिवसांत घेतला नसावा, कारण त्यांचे डोळे भरून आले.

"हळदीच्या धुरळ्यानं आन् पेवातल्या वाफंनं छाती खाल्ली माजी," ते खाली बसत म्हणाले. "आदी दोन ठिकानी मुली बघितल्या, तवा घरच्यांनी मला टांग्यातच बसवून ठेवलं. म्हनाले, तुमी खोकलासा तर पोराला कोन देनार. बाजारात ऐकलं, हितं देव हाय. म्हनलं, देवाच्या घरात खोकलं तर कोन काय बोलंल. पोराची सोयरीक ठरायची, आन् बापानं भाईर बसावं व्हय?"

लालासाहेबांनी केरबाकडे पाहिलं. केरबा आढ्याकडे पाहत होता. मग त्यांनी खुंटीकडे पाहिलं, पण कोट अंगातच होता. त्यांना काही बोलायचं होतं, ते घशाशी आलं, आणि त्याऐवजी खोकला आला. आतला, मनसोक्त, सरकारी. मागोमाग भाऊसोही खोकले. दोघांनी मिळून तो पुरा केला, आणि या खेपेला कुणी बशी खाली ठेवली नाही.

लग्न माघात झालं. व्याहीभेटीला दोन्ही बाप मांडवाच्या दाराशी समोरासमोर आले, मिठी मारायला हात पसरले, आणि त्याच वेळी दारूकामाचा धूर आत आला. दोघांचे हात जागच्या जागी गोल झाले. गुडघे वाकले, ओठ चंबू झाले. वाजंत्री थांबली. कोरेगावकरांना वाटलं ही सांगलीची रीत असावी, आणि सांगलीकरांना वाटलं ही कोरेगावची. रीत म्हटल्यावर मागं कसं राहायचं. हळूहळू दोन्हीकडची सगळी पाहुणेमंडळी हात गोल करून उभी राहिली. सयाजी तेवढा ओरडायचा राहिला, कारण त्याचंही तोंड चंबू होतं.

केरबा एकटा हात खाली सोडून उभा होता. शालूबाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

"धर की रं कलिंगड," त्या म्हणाल्या. "मानाचं हाय ते."